बाईंच्या चिठ्ठीतली चौथी ओळ

मे महिना संपत आला होता. मिठाच्या राशी पेंढ्यानं शाकारायचं काम चाललं होतं आणि मी मिठागराच्या बांधावर बसून कोण पेंढा पातळ टाकतोय ते बघत होतो. आता माझ्याकडं तेवढंच काम राहिलंय, पण ते मी सोडलेलं नाही. तेवढ्यात माझी मुलगी वनिता डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून घरी न जाता सरळ बांधावरून चालत आली. हातात डबा तसाच. एरवी ती बांधावर येत नाही, चपला खराब होतात म्हणते. जवळ येऊन म्हणाली, "बाबा, टिपणीस बाई गेल्या. काल सकाळी, रोह्याला." मी म्हटलं, "बरं." एवढंच म्हटलं, आणि पेंढा टाकणाऱ्यांवर उगाच ओरडलो. वनिता उभीच राहिली. हळूच म्हणाली, "बाबा, तुम्ही त्यांना सांगितलं का कदी?" मी म्हटलं, "काय सांगायचं?" काय ते मला माहीत होतं... सात वर्षं माहीत होतं.

टिपणीस बाई पेणच्या हायस्कुलात ग्रंथपाल होत्या. राहायच्या रोह्याला, एकट्याच. रोज सकाळच्या एसटीनं नागोठणे, गडब करत पेणला यायच्या. वर्गावर शिकवत नसत, तरी पोरं मास्तरांपेक्षा त्यांना जास्त भ्यायची. वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला की सगळी वाचनालयाच्या दारात रांग लावायची, आणि बाई एकेकाच्या हातात एकेक चिठ्ठी ठेवायच्या. उन्हाळ्यात काय वाचायचं त्याची चिठ्ठी. फळ्यावर एकच यादी लिहिली असती तर अर्ध्या तासात काम झालं असतं. पण बाई मार्च महिनाभर बसून जुन्या कार्डांच्या पाठीवर ज्याची त्याची वेगळी चिठ्ठी लिहायच्या. पहिल्या ओळीत त्या मुलाला आवडेल असं पुस्तक. दुसऱ्या ओळीत, ज्यातलं त्याला काहीच ठाऊक नाही असं. तिसऱ्या ओळीत त्याला आवडणार नाही असं, आणि पुढं तसं सरळ लिहिलेलं, हे तुला आवडणार नाही, तरी वीस पानं वाच. चौथी ओळ रिकामी. तिन्हींतलं एक पुस्तक घरातल्या मोठ्या माणसाला वाचून दाखवायचं, आणि ऐकणारा काय बोलला ते त्याच्याच शब्दांत त्या ओळीत लिहून आणायचं. एका पोरीच्या आजीनं कसलीशी कथा ऐकून सांगितलं होतं, "ती परत नांदाया गेलीच कशाला, भावानं काय हाकललं व्हतं तिला?" पोरीनं तसंच लिहून नेलं. बाईंनी असल्या सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. हेडमास्तर म्हणायचे, "बाई, तुम्ही पोरांची परीक्षा घेता की आज्यांची?" बाई म्हणायच्या, "आज्यांची. पोरं काय, पाठ करून येतात."

आता मिठागरवाल्याच्या घरात उन्हाळ्याची सुट्टी नावाची वस्तूच नसते. बाकीच्यांची सुट्टी लागते तेव्हाच आमचं मीठ पिकतं. वनिता आठवीची परीक्षा देऊन चिठ्ठी आणि पुस्तक घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, "हे उद्याच्या उद्या परत दे. वाचायला सावलीत बसणाऱ्यांची पोरं हायत." मी स्वतः तिसरी पास. पास, नापास नाही. पण पुढं हातात फळी आली, मीठ ओढायची, आणि अक्षरं मागं राहिली. त्याचं मला दुःख होतं असं नाही. मिठातलं मला कळतं तेवढं आमच्या खाडीवर कोणाला कळत नव्हतं, आणि ते मी सगळ्यांना सांगत असे. वनितानं पुस्तक परत केलं नाही. भाकरीच्या फडक्यात गुंडाळून मिठागरावर आणलं, आणि दुपारी जेवणं झाल्यावर पाटाच्या कडेच्या नारळाच्या झापांच्या खोपीत बसून तिच्या आईला वाचून दाखवायला लागली. मी पाठ करून बसायचो. कान काही पाठ करून बसत नाहीत.

समुद्राची माहिती सांगणारं पुस्तक होतं ते. भरती-ओहोटी, मासे, बंदरं, असं एकेक. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मिठाचं पान आलं. खाडीचं पाणी वाफ्यात घेतात, उन्हानं ते आटून जातं आणि खाली मीठ उरतं, असं दोन वाक्यांत उरकलेलं. मी म्हटलं, "थांब गो. परत वाच." तिनं परत वाचलं. मी म्हटलं, "खोटं हाय."

"बाबा, छापलेलं हाय."

"छापलेलं असंल. सगळं पाणी आटवलं तर मीठ कडू व्हईल. शेवटाला कडू पाणी राहतं ते काढून टाकावं लागतं, मीठ निथळावं लागतं. ते कुठं हाय ह्याच्यात? असलं मीठ पावसाळ्यात मडक्यात पाणी व्हऊन जाईल. लिही तुझ्या त्या चौथ्या ओळीत, खोटं हाय म्हणून."

माझी बायको चांगुणा हसून म्हणाली, "तिसरीतला मास्तर बोलला." वनिता म्हणाली, चित्र पण आहे मिठागराचं. मी म्हटलं, बघू, ते तरी खरं आहे का. ओल्या हातानंच पुस्तक ओढून घेतलं. तिनं सोडलं, मी नीट धरलं नव्हतं... आणि ते पाटात पडलं. पाटातलं पाणी म्हणजे साधं पाणी नव्हे, आठ दिवस उन्हात तापून जड झालेलं. मी हात घालून काढलं, पण पार भिजलं होतं. वनिता रडायला लागली. वाचनालयाच्या दारावर बाईंनी नियम लावला होता, पुस्तक खराब करील त्याला पुढच्या वर्षी चिठ्ठी नाही. तो तिनं मला आधीच वाचून दाखवला होता.

ओलं काही टिकवायचं तर आमच्याकडं एकच रीत, मासळीची. मिठात घालायचं. मी म्हटलं, "रडू नको, मी सुकवतो." जुनं, वर्षभर निथळलेलं मीठ गोदामात होतं, आणि गोदाम लांब. समोर सकाळीच ओढलेल्या मिठाचा ढीग होता. कच्चं मीठ, कडू पाणी अंगात असलेलं. मी तेच ओंजळीनं घेतलं आणि दर दोन पानांत थर देऊन पुस्तक टोपलीत ठेवलं, सुरमई ठेवतात तसं. अर्ध्या तासापूर्वी मी छापलेल्या पुस्तकाला खोटं पाडलं होतं, आणि लगेच अशी चूक केली की जी मिठागरावरचं शेंबडं पोर करणार नाही. चार दिवसांनी मेच्या उन्हात पानं पापडासारखी वाजायला लागली. मीठ झटकून टाकलं. माझी छाती फुगली. वनितानं जूनमध्ये पुस्तक कपाटात नेऊन ठेवलं.

आषाढात पुस्तकाला पाणी सुटलं. कपाटाच्या फळीवरून ठिबकायला लागलं. बाईंनी वनिताला विचारलं. ती म्हणाली, छपरातून गळलं त्याच्यावर. तसं बोलायला मीच शिकवलं होतं. बाईंनी पानावर बोट टेकवून जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "तुमच्या गावाला पाऊस खारट पडतो का गं?" पोर रडली, पण मी सांगितलं होतं तेच धरून राहिली. बाई म्हणाल्या, "वडलांना पाठव."

मी धुतलेला सदरा आणि टोपी घालून गेलो. भांडायच्या तयारीनं. वनिताचं नाव कापणार, तर मी चार गोष्टी ऐकवून येणार, असं ठरवूनच. वाचनालयात टेबलावर एका स्टीलच्या ताटलीत ते पुस्तक ठेवलं होतं आणि ताटलीत पाणी जमलं होतं. बाई बारीक चणीच्या, चष्मा गळ्यात लोंबता. "बसा, म्हात्रे," म्हणाल्या. पुस्तकाचं काहीच बोलल्या नाहीत. वनिताची चिठ्ठी काढली, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे खोटं कसं, ते मला सांगा." मी सांगायला लागलो. कोणता वाफा कधी भरायचा, पाणी कधी जड झालं ते कसं ओळखायचं, कडू पाणी कधी सोडायचं, रास किती दिवस निथळायची. बाई कार्डांवर लिहून घेत होत्या. मधेच थांबवायच्या, "हळू. हे परत." आजवर कोणी माझं बोलणं लिहून घेतलं नव्हतं. सगळं झाल्यावर त्यांनी ते कागदावर उतरवून मिठाच्या पानाला चिकटवलं, खाली लिहिलं, सांगणार हिराजी म्हात्रे. मग चष्मा काढून अगदी साधेपणानं विचारलं, "मग ह्या पुस्तकाला पाणी का सुटतंय, म्हात्रे?"

आताच तासभर मी तेच तर सांगितलं होतं. उत्तर त्यांच्या हातातल्या कागदावर माझ्याच नावानं होतं. मी म्हटलं, "तुमच्या खोलीत हवा दमट हाय." बाईंनी कपाटातल्या बाकीच्या पुस्तकांकडं पाहिलं. सगळी कोरडी. "असेल," म्हणाल्या.

वनिताचं नाव त्यांनी कापलं नाही. शिक्षा मला दिली. म्हणाल्या, "हे कपाटात ठेवलं तर शेजारची पुस्तकं भिजतील. पावसाळाभर तुमच्या चुलीवरच्या फळीवर राहू दे. रोज पानं उलटून शेकायची. वनिताला अभ्यास आहे, हे काम तुमचं. दसऱ्याला आणून द्या." तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये पुस्तक आमच्याकडं यायचं आणि दसऱ्याला परत जायचं. पान शेकायचं म्हणजे हातात धरून थांबावं लागतं. थांबलं की डोळे कुठंतरी जातात. पहिल्या पावसाळ्यात मी चित्रं बघितली. दुसऱ्या पावसाळ्यात बोट ठेवून ओळी लावल्या. वनिता बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची, तेवढी अक्कल पोरीला होती. तिसऱ्या पावसाळ्यात अख्खं पुस्तक वाचून झालं. दसऱ्याला बाई विचारायच्या, "ह्या वर्षी काय खोटं सापडलं?" आणि मी भरती-ओहोटीच्या पानावरच्या दोन चुका सांगायचो. त्या पण चिकटवल्या गेल्या.

वनिता दहावी होऊन शाळेतून गेली. पुढच्या एप्रिलात चिठ्ठी आलीच, वर नाव माझं. पहिल्या ओळीत होड्या बांधण्याचं पुस्तक. तिसऱ्या ओळीत पाककृतींचं, पुढं लिहिलेलं, हे तुम्हाला आवडणार नाही. वीस पानं वाचली. जागोजागी लिहिलंय, मीठ चवीनुसार. कोणाच्या चवीनुसार, कुठल्या आगरातलं, काही नाही. तसं मी चौथ्या ओळीत लिहून कळवलं. बाईंनी ते हेडमास्तरांना वाचून दाखवलं म्हणे.

रिटायर झाल्यावर बाई रोह्यातच असायच्या. गेल्या थंडीत मी पिशवीभर जुनं, पांढरं मीठ घेऊन त्यांच्याकडं गेलो. तब्येत उतरली होती. कुंडलिका नदीच्या बाजूच्या खिडकीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. मिठाचा खडा तोंडात टाकला, म्हणाल्या, "ह्यात कडू काही नाही." मी म्हटलं, "पुरतं निथळलंय." मग बाई म्हणाल्या, "म्हात्रे, तुमची एक ओळ राहिलीय." मला कळलं. तोंडापर्यंत आलं होतं... मी उठलो, म्हटलं, "पेणची गाडी चुकंल." गाडीला अजून पाऊण तास होता. तो मी स्टँडवर बसून काढला.

तेराव्याला मी गेलो नाही, बोलावल्याशिवाय कोणाच्या घरी जाणारा मी नाही. पण पंधरा दिवसांनी राहवलं नाही, गेलो. बाईंच्या भाचीनं दार उघडलं, नाव विचारलं आणि आतून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं काही आणून दिलं. म्हणाली, "मावशीनं ह्याच्यावर तुमचं नाव घालून ठेवलं होतं." तेच पुस्तक. शाळेनं रद्दीत काढलं तेव्हा बाईंनी मागून घेतलं होतं. आत जुन्या कार्डावर चिठ्ठी. अक्षर कापरं, पण तेच. पहिल्या ओळीत ह्याच पुस्तकाचं नाव. दुसऱ्या ओळीत तेच. तिसऱ्या ओळीतही तेच. चौथी रिकामी.

आता श्रावण लागलाय. चूल जाऊन घरात गॅस आलाय, त्यामुळं पुस्तक मी खिडकीत ताटलीत ठेवतो आणि रोज पानं उलटतो. हे सगळं लिहायला घेतलं तेव्हा वनिता म्हणाली, बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नाही. काना-मात्रा तेवढ्या बघ. चिठ्ठीची चौथी ओळ आज सकाळी मी भरली. लिहिलंय, बाई, पुस्तक माझ्या हातून पडलं आणि मीठ कच्चं होतं, पोरीचा काही दोष नाही. ओळीत मावलं नाही, कार्डाच्या कडेनं वर न्यावं लागलं. मग कार्ड मिठाच्या पानात ठेवलं आणि ताटलीतलं पाणी टाकायला घेतलं. टाकायच्या आधी बोट बुडवून जिभेला लावलं. सात पावसाळे झाले, अजून कडू आहे.