राजाचं प्यादं दादाचं

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी बुद्धिबळातली माझी पहिली चाल बदलली. त्याआधी पंचेचाळीस वर्षं, पांढरी मोहरी हातात आली की मी वजिरापुढचंच प्यादं दोन घरं सरकवत आलो होतो. लोक घर बदलतात, पक्ष बदलतात, माझं ते प्यादं मात्र बदललं नाही. अमरावतीला मोजणी खात्यात असताना दुपारच्या सुट्टीत आमचा पट मांडलेला असे, तेव्हा सहकारी चिडवायचे, "सायबाचा वजीर पयले चहा घेते, मंग लढाईले निघते." मला राग यायचा. मला राग चटकन येतो, आणि समोरचा खरं बोलत असला की जरा जास्तच येतो.

खरं कारण असं की राजापुढचं प्यादं दादाचं होतं. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचं गाव बार्शीटाकळीच्या अलीकडे, आणि तिथून अकोल्याला कॉलेजात गेलेला आमच्या घरातला तो पहिला. छापील नियमांचं बुद्धिबळ तोच घरी घेऊन आला आणि सुट्टीत मला शिकवायला बसला. राजाचं प्यादं दोन घरं पुढे, ही त्याची चाल. मीही तीच खेळलो की तो मला वीस चालींत गुंडाळून ठेवायचा, कारण त्या वाटेवरचा दगड न् दगड त्याच्या ओळखीचा होता. माझ्या सोळाव्या वर्षीच्या मे महिन्यात मी इतक्यांदा हरलो की शेवटी रडत रडत वजिराचं प्यादं ढकललं. त्या बाजूनं डाव बराच वेळ बंद राहतो. प्यादी एकमेकांना अडवून उभी राहतात आणि त्यांच्यामागे आपण निवांत बसू शकतो.

"तू लपून खेळतोस," दादा म्हणाला.

मी म्हटलं, लपून तर लपून. पुढे तो अकोल्यात गणिताचा मास्तर झाला, मग हेडमास्तर झाला. मी अमरावतीला लोकांच्या वावरांचे बांध मोजत राहिलो. महिन्या-दीड महिन्यातून एखाद्या रविवारी मी मूर्तिजापूरवरून जाणारी एसटी धरून त्याच्याकडे जायचो. दोन डाव, वहिनीच्या हातचं जेवण, आणि संध्याकाळी परत. आम्ही भाऊ एकमेकांशी फारसं बोलत नसू. जे काही होतं ते पटावरच होतं.

गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास दादाला अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचाही गेली. पाय चार महिन्यांनी थोडा परत आला. शब्दही परत आले, पण तुटक, आणि आले ते सगळे वऱ्हाडी. ज्या माणसानं पस्तीस वर्षं शाळेत 'मला' म्हणायला शिकवलं, घरातसुद्धा जो पुस्तकातल्यासारखं बोलायचा, तो आता वहिनीला म्हणायचा, "मले पानी दे." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरंही वाटलं आणि धस्सही झालं. लहानपणचा दादा परत आला, असं वाटलं. मग वाटलं, मोठेपणीचा गेला कुठे?

वहिनीचा फोन आला. "भाऊजी, तुमी येत जा. दिवसभर भित्तीकडे तोंड करून पडून रायते. पट दिसला तर तेवढेच उठून बसतीन."

मी गेलो. वजिराचं प्यादं सरकवलं. दादानं डाव्या हातानं उत्तर दिलं, पाच-सहा चाली ठीक झाल्या, आणि मग त्या बंद डावात तो हरवला. अर्धा तास नुसता पाहत राहिला. त्याला काहीतरी आठवत होतं आणि हाताशी येत नव्हतं, हे मला दिसत होतं. शेवटी त्यानं डाव्या हाताच्या पंजानं सगळी मोहरी पलंगावर लोटून दिली. पुढच्या खेपेलाही तसंच झालं. औषधं, व्यायाम, मालिश हे सगळं घरचे पाहत होते. माझ्याजवळ फक्त पट होता, आणि पटापलीकडे माझा भाऊ अजून आहे की नाही एवढं एकच मला कळायला हवं होतं. नसेल तर तसं कळू दे, पण असं अर्धवट नको, असं मी स्वतःशी म्हणत असे. ते खोटं होतं. नसेल, हे ऐकायची माझी तयारी अजिबात नव्हती.

म्हणून मी ठरवलं, त्याच्या ओळखीच्या वाटेनं जायचं. राजाचं प्यादं खेळायचं.

ठरवणं सोपं, करणं अवघड. वजिराच्या प्याद्यानं मी समोरच्याला सांगत असे की डाव कसा होणार. राजाचं प्यादं पुढे केलं की उलटं होतं, समोरच्यानंच ठरवायचं. तो काहीही उत्तर देऊ शकतो आणि आपल्याकडे सगळ्याचं उत्तर हवं. मोबाईलवर पाहावं तर विशीतली पोरं हिंदीत इतक्या भरभर बोलत होती की माझा चहा निवून जायचा आणि ती बाराव्या चालीवर पोचलेली असायची. शेवटी फोन बंद केला आणि घरातल्या पटावर एकट्यानंच दोन्ही बाजूंनी खेळत बसलो. बायको म्हणाली, "स्वतःशीच भांडून राहिले का आता?"

राजाच्या प्याद्यापासून निघणाऱ्या नावाजलेल्या डावांतला आधी स्पॅनिश पाहिला. उंट पुढे जाऊन समोरच्या घोड्याला दम देतो, आणि मग पंचवीस चाली कोणी काहीच करत नाही. माझ्या स्वभावाला तो पटला असता, पण दादा त्यात पुन्हा हरवला असता. स्कॉच डावात मधली प्यादी लगेच कापली जातात, पट मोकळा होतो, पण मोहऱ्यांची मारामारी एवढी भराभर होते की डोकं थकलेल्या माणसाला ती झेपणार नाही. मग किंग्ज गॅम्बिट. त्यात आपलं एक प्यादं आपणहून देऊन टाकायचं असतं. हे तर शक्यच नव्हतं. दादाला कोणी मुद्दाम काही दिलेलं सहन होत नसे. लहानपणी मी एकदा त्याच्या वाढदिवशी जाणूनबुजून हरलो होतो, तेव्हा त्यानं पट उलटा केला होता आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. राहता राहिला इटालियन. दोघांचे घोडे बाहेर, दोघांचे उंट बाहेर, सगळं उघड्यावर, कोणी कोणापासून लपलेलं नाही. दादानं मला सगळ्यात आधी शिकवलेला डावही तोच. मी दीड महिना त्याचा अभ्यास केला. सर्व्हेच्या नकाशांवर जेवढी मेहनत घेतली नसेल तेवढी घेतली.

मार्चमध्ये अकोला तापायला लागलं होतं. वहिनीनं कूलर लावून दिला, दादाच्या पाठीशी उशा ठेवल्या. मी राजाचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं. दादानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. डाव्या हातानं त्यानंही आपलं प्यादं तसंच पुढे केलं. माझा घोडा, त्याचा घोडा. माझा उंट, त्याचा उंट. एकही चूक नाही! माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी चष्मा पुसायला घेतला.

पुढच्या चालीला त्यानं राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर सरकवलं. ही चाल मी कुठे वाचली नव्हती. मी साधं काहीतरी खेळलो. तेव्हा दादानं आपला राजा उचलला, आणि घोडा उडतो तसा अडीच घरं उडवून त्या प्याद्यानं मोकळ्या केलेल्या जागेत नेऊन ठेवला.

ज्यांनी गावाकडचं बुद्धिबळ पाहिलं नसेल त्यांना सांगायला हवं. जुन्या देशी खेळात प्यादं एका वेळी एकच घर चालतं, आणि राजाला शह बसला नसेल तर सबंध डावात एकदा त्याला घोड्याची उडी घेता येते. आमचे बाबा तसंच खेळायचे. ओसरीवर, वावरातून आल्यावर, हात-पाय धुऊन. दादा कॉलेजातून पहिल्या सुट्टीला आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. दोघं खेळायला बसले. बाबांनी राजा उडवला, आणि दादा म्हणाला, "बाबा, हे चालत नाही. नियमात नाही."

"कोनाच्या नियमात?" बाबांनी विचारलं.

दादानं पिशवीतून छापील पुस्तिका काढून त्यांच्या पुढे धरली. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी पाहिली, परत दिली. मग राजा जिथून उचलला होता तिथे नेऊन ठेवला, म्हणाले, "मंग तुमीच खेळा," आणि उठून गोठ्याकडे गेले. त्यानंतर अकरा वर्षं ते जगले, पण पटावर पुन्हा कधी बसले नाहीत. आम्ही दोघा भावांनी यावर एकदाही एक शब्द काढला नाही.

आता दादा तीच चाल खेळून माझ्याकडे पाहत होता. मला समजलं, म्हणजे मला तसं वाटलं, की आधी त्याची भाषा मागे गेली आणि आता खेळही मागे गेला. पुस्तिका पुसली गेली होती. मी काय म्हणणार होतो? नियमात नाही? मी काहीच बोललो नाही. जणू काही झालंच नाही असं दाखवून घोडा पुढे केला. दादा आणखी थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "बस," आणि भिंतीकडे वळला. थकला असेल, वहिनी म्हणाली.

परतीच्या एसटीत मी सगळ्यांसमोर रडलो. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली, ती मी घेतली. अमरावती येईपर्यंत मी मन घट्ट केलं होतं. दादा जिथे गेला आहे तिथे आपण जायचं. इटालियनही नको आणि दुसरं काही नको. देशी खेळायचं, बाबांसारखं.

पुढच्या रविवारी पट मांडला आणि मी राजाचं प्यादं एकच घर सरकवलं.

दादानं पटाकडे पाहिलं. "हे काय?"

"चाल," मी म्हटलं.

"दोन घर."

"दादा, आपण गावाकडचं खेळू. तुला तेच..."

"मले काय समजून राहिला तू?" एवढं लांब वाक्य तो बऱ्याच महिन्यांनी बोलला असेल. आवाज हेडमास्तरचा होता. डाव्या हातानं त्यानं माझं प्यादं चिमटीत धरून उचललं आणि दोन घरांवर नेऊन ठेवलं. दारात उभी असलेली वहिनी आत निघून गेली.

मला इतकी लाज वाटली की कान गरम झाले. दोन महिने मी डाव शोधत होतो तो भावासाठी नव्हे, एका आजाऱ्यासाठी. भाऊ माझ्या समोर बसलेला होता, आणि मीच त्याला निकालात काढून मोकळा झालो होतो. मी माफी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नाही. खेळायला लागलो. घोडे आले, उंट आले. मग त्यानं ते प्यादं एक घर सरकवलं, आणि दोन चालींनी राजा उचलला.

या वेळी मी बोललो. त्याला आजारी समजायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. "दादा, हे चालत नाही. नियमात नाही."

राजा त्याच्या हातात होता. त्यानं तो खाली ठेवला नाही.

"मालूम हाय," तो म्हणाला. मग बराच वेळ शब्द शोधत राहिला. मी मदत केली नाही. "बाबाची चाल हाय. म्या... चालू नाई देली." पुन्हा थांबला. "मागच्या खेपेले तू बोलला काऊन नाई? मी वाट पाहून राहिलो होतो."

"काय बोलायला पाहिजे होतं मी?"

त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "चालते म्हन," तो म्हणाला.

मी म्हणालो, "चालते, दादा. चालते."

त्यानं राजा अडीच घरं उडवून त्या जागेत ठेवला आणि हात मांडीवर घेतला. मग म्हणाला, "खेळ. सोडू नोको."

मी सोडलं नाही. वजीर काढला, दोन्ही उंट त्या कोपऱ्याकडे वळवले, एक घोडा देऊन पाहिला, दीड महिन्याचा सगळा अभ्यास ओतला. दीड तासानं माझ्याजवळ खेळण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या राजाला मला एकदाही शह देता आला नाही.