ऐंशी अक्षरांची ओळ

माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, पण जुन्या संगणकातलं डिस्प्ले कार्ड एकदा हातातून गेलं की ते त्याला जन्मात विसरत नाहीत. मला ते शाळेपासून ओळखतात, तरी नौपाड्यातल्या त्यांच्या दारात मी उभी राहिले की अजून विचारतात, "कोण हवंय?" मी म्हणते, "काका, मी, खोपटची." "हां, ती बी.कॉम. झालेली!" आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे ही ओळख मला चालते.

ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकावर एका ओळीत चाळीसच अक्षरं मावत. ऐंशी हवी असतील तर आत वेगळं कार्ड खोचावं लागे. हे मला काकांमुळे कळलं, कॉलेजात कुणी शिकवलं नाही. कार्ड हाती आलं की काका आधी त्याचा वास घेणार, मग त्याचे सोनेरी दात खोडरबरानं पुसणार, मग चिपवरचे आकडे डोळ्याला लावून वाचणार आणि निकाल देणार. विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्यानं एकदा भलतंच कार्ड पुढे केलं. "अरे, हे आवाजाचं कार्ड! मला आंधळा समजतोस का?" तो हात जोडून म्हणाला, "काका, सब ले जाओ, बस आना बंद करो." पुढच्या रविवारी काका पुन्हा हजर. आतली खोली कार्डांनी भरून गेलेली, आणि लोणच्याच्या बरण्यांत चिपा.

हा सगळा खटाटोप एका फ्लॉपीसाठी. काकू घरातल्या तसल्याच संगणकावर, ऐंशी अक्षरांचं कार्ड खोचून, टायपिंगची कामं करायच्या. मैत्रीण दहावीत असताना त्या आजारी पडल्या. हॉस्पिटलात काकांना म्हणाल्या, "निळ्या फ्लॉपीत तुमच्यासाठी लिहून ठेवलंय. वाचा." त्या गेल्या. काकांनी फ्लॉपी घातली, तर पडदा काळा. कार्ड जळलं, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि तसलंच दुसरं शोधायला लागले. इतक्या वर्षांत तीन सापडली. तिन्ही लावून पाहिली, पडदा काळाच. तिन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या: "मेलेलं."

माझे वडील एसटीत मेकॅनिक होते. गाडी बंद पडली की आधी वायर बघायची, हे मी लहानपणीच शिकलेले. गेल्या वर्षी सहज विचारलं, "काका, पडद्याची वायर कुठं खोचलीय?"

"ती हिनं लावलीय," काका उखडलेच. "हिच्या हातची वायर चुकायची नाही."

मी टेबलामागं जाऊन बसले. कार्ड लावलं की चित्र कार्डाच्या स्वतःच्या भोकातून बाहेर येतं, हे काकांनीच मला शंभरदा ऐकवलेलं. वायर मात्र संगणकाच्या मूळ भोकात होती. गेमचं चित्र मूळ भोकातून येई, म्हणून मुलीला गेम लावून द्यायला काकूंनीच कधीतरी हलवली असणार. नंतर काकांनी त्या वायरीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी ती काढून कार्डात खोचली.

पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. काका खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "तूच वाच. तुझं इंग्रजी चांगलंय."

पाचच ओळी होत्या, इंग्रजीत; त्या संगणकाला मराठी अक्षरं येतच नव्हती. माझं टायपिंग आता संपलं, हा संगणक कुणाला तरी देऊन टाका, आतली खोली रिकामी करा आणि तिथं पोरीला अभ्यासाचं टेबल लावून द्या.

मैत्रिणीनं दहावीपासून पदवीपर्यंत सगळा अभ्यास स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या ऐकत केला होता. आता ती नागपूरला असते, तिचीच मुलगी गेल्या वर्षी दहावीला होती. काकांनी लगेच तिला फोन लावला.

"अगं, टेबल कुठं लावू? उजेड डावीकडून हवा ना तुला?"

"कुठलं टेबल, बाबा? बरे आहात ना?"

काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते आतल्या खोलीतली चिपांची एकेक बरणी छातीशी धरून बाहेर नेऊन ठेवायला लागले.