गोदावरीबाईंचं रिकामं बोट

गुढियारीच्या गोदावरीबाईंचा दिवस तीस वर्षं एकाच जागी सुरू व्हायचा. घरासमोरच्या ओट्यावर, शेजारच्या दीपमालासोबत, तोंडात बोट घालून. डबीतली काळी गुडाखू बोटावर घ्यायची आणि हिरड्यांवर घासत घासत पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, साऱ्या बातम्या उरकायच्या. ही तंबाखूच आहे, हे ठाऊक होतं. पण तिच्याशिवाय पोट साफ होत नाही, असंही बाईंनी ठरवून टाकलं होतं.

मग दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गालात आतून पांढरा चट्टा दाखवला. "आत्ता सोडली तर बरा होऊ शकतो. तल्लफ आली की दहा मिनिटं दुसऱ्या कशात तरी काढा."

बाईंनी डबी फेकली. अकरा दिवस निघाले. डोकं ठणकलं, दोनदा डाळ करपली, नवऱ्याशी उगाचच भांडण झालं. बाराव्या दिवशी एका बारशात कुणीतरी डबी पुढे केली आणि बोट आपोआप आत गेलं. घरी येऊन त्या सुनेसमोर रडल्या.

"उद्यापासून पुन्हा एक मोजू," रूपाली म्हणाली. "पण सकाळी ओट्यावर बसायचं नाही, आई. चला, स्कूटी शिकवते."

"मले? या वयात? पारा हसंल न!"

"हसू द्या."

रोज सकाळी मालधक्क्यामागच्या मैदानात शिकवणी सुरू झाली. दोन्ही हात ब्रेकवर, त्यामुळे बोट तोंडात जायला मोकळंच नव्हतं. तल्लफ यायची, तेवढ्यात समोर गाय यायची, आणि मग गायीचंच बघावं लागायचं.

नव्या मोजणीच्या विसाव्या दिवशी बाई गल्लीतच स्कूटीवरून आपटल्या. गुडघा सोलला, हात थरथरू लागले. दीपमाला धावत आली, पाणी पाजलं आणि मायेनंच डबी उघडली. "थोडी लाव वो, धडधड थांबंल."

तो वास! बोट डबीच्या काठाला टेकलंसुद्धा. तिथून बाईंनी ते मागे घेतलं, कसं ते त्यांनाही सांगता येत नाही.

"दीपमाला, मागं बस."

"काहून? रक्त निघून राहिलं तुझं!"

"बस म्हटलं न. मले दहा मिनिटं काढाची आहेत."

दीपमालानं दोन्ही हातांनी बाईंची कंबर आवळली आणि प्रत्येक गतिरोधकावर देवाचा धावा केला. लोक दारात येऊन बघू लागले. फेरी संपली तेव्हा बाईंचे हात स्थिर होते. थरथरत होती ती दीपमाला.

चार महिन्यांत चट्टा बराच फिका पडला. जेवणानंतर अजूनही जीव मागतो. बाई बडीशेप चघळत भांडी घासायला घेतात. दीपमालाची डबी काही सुटलेली नाही. पण परवा तिनं हळूच विचारलं, "त्या डॉक्टरीणबाईचा नंबर हाये काय तुझ्याजवळ?"

"नंबर कायले?" बाई हेल्मेट चढवत म्हणाल्या. "चल, नेऊनच देतो."