दुसरा पदर कापला तेव्हा

पेपरात हयात गेली की बातम्या विसरतात, त्यांच्यावरून झालेली भांडणं तेवढी साचत जातात! माझ्याकडे पोतंभर आहेत. ही दुष्काळाच्या वर्षातली.

आमच्या नगरच्या साप्ताहिकाचा मी संपादक. त्यात मी विज्ञानाचं सदर सुरू केलं. लिहायच्या बेलापूरच्या निमोणकर बाई, कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या. मालक कातावले. "लोक दुष्काळी कामांवर खडी फोडतायत आणि तुम्ही डीएनए छापता? चार अंकांत एकही वाचक फिरकला नाही, तर सदर बंद!"

"दुष्काळात फक्त टँकरच्या बातम्या वाचाव्यात, असा कायदा झालाय का?" मी म्हणालो. मागे हटणार नव्हतो.

*

पहिला लेख प्रोटीनवर.

"अंडं उकडायला एम.एस्सी. बाई कशाला?" मालक.

"उकडलेलं परत पातळ का होत नाही, ते सांगायला," बाई म्हणाल्या. "प्रोटीनची साखळी शाबूत राहते, तिच्या घड्या विस्कटून गुंता होतो."

"आणि तो सुटत नाही?"

बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "तुमचा नि यांचा सुटतोय का?"

*

कंपोझिटर बाबूराव अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता म्हणाले, "बाई, साखळीचं कळलं. खिळा हलला की बातमी बदलती. पन घडीचं एवढं काय?"

बाईंनी ताजा अंक उचलून चुरगाळला. "अक्षरं तीच आहेत ना? वाचा!"

"अहो, तो विकायचा होता!" मालक ओरडले.

*

डीएनएचे दोन पदर कमजोर बंधांनी जोडलेले असतात, असं बाईंनी लिहिलं. मालकांनी परस्पर 'मजबूत' केलं! "आपल्या पेपरात कमजोर काही छापायचं नाही."

मी भडकलो. बाई म्हणाल्या, "मालक, ते पदर वेळेला उघडावे लागतात. बटणं शिवूनच टाकली, तर शर्ट काढाल कसा?"

'कमजोर' परत आलं.

*

चौथा, मुदतीतला शेवटचा अंक. लेखात दोन पदरांवरच्या अक्षरांचा नियम होता: ए समोर टीच, जी समोर सीच. सोबत शिडीसारखं चित्र. ऐनवेळी पाइपांची जाहिरात आली. मालकांनी चित्राचा ब्लॉक उभा करवतला! एकच पदर छापला गेला. चार दिवस धुमसून मी राजीनामा लिहायला बसलो.

तेवढ्यात दारात पारनेरकडचा एक गडी. अंगावर खडीची धूळ, हातात आमचा अंक.

"मालक कोन हाय? अर्धंच का छापलं?"

मालक माझ्यामागे सरकले.

त्यानं अंक टेबलावर पसरला. कापलेल्या बाजूला, जाहिरातीतल्या पाइपांवरच, पेन्सिलीनं दुसरा पदर काढलेला. "आमी कामावर जेवायच्या सुट्टीत बसून पुरा केला. बरुबर हाय का, तेवढं बगा. लई भांडनं झाली."

मालकांनी चष्मा लावला. बोट एकेका अक्षरावरून खाली उतरलं, थांबलं.

"इथं चुकलात. जी समोर सी!"

"व्हय की!"

मालकांनी स्वतः खोडून दुरुस्त केलं आणि आत हाक मारली, "बाबूराव! पुढच्या अंकातही अर्धंच छापा!"