मीमॉ हे क्रियापद आम्ही असं चालवलं

इंग्रजीच्या तासाला आमच्या कॉलेजात दोनच गोष्टी व्हायच्या. सर बोलायचे आणि मागच्या गल्लीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, त्यांचं बोलणं खाऊन टाकायचे. सत्तरच्या दशकातली भिवंडी ती, खटाखट कुठे नव्हती ते विचारा. सर पुण्याचे, तरुण, आवाज नाजूक. खिडक्या लावायचे, उकाड्याने हैराण व्हायचे, की पुन्हा उघडायचे.

एका दिवशी वैतागून त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर शब्द लिहिला, मीमॉ. म्हणाले, हे क्रियापद परीक्षेत येणार नाही, आपल्या लायब्ररीतल्या डिक्शनरीतही नाही. ते इंग्लंडातल्या लँकेशायरकडच्या बोलीतलं. सर त्या भागात दोन वर्षं शिकवून आले होते. तिथल्या कापडगिरण्यांत मागांच्या आवाजात काही ऐकू येत नसे, म्हणून बाया आवाज न काढता नुसते ओठ मोठेमोठे हलवून बोलत. त्याला म्हणायचं मीमॉ. सरांची घरमालकीण अशीच एक म्हातारी विणकरीण होती. गिरणी सुटली तरी तिची सवय सुटली नव्हती. कुणाचं आजारपण, कुणाच्या पोरीची भानगड, असलं काही सांगायचं झालं की ती आवाज बंद करायची आणि ओठ चालू.

सरांनी ओठ हलवून दाखवले आणि वर्ग अक्षरशः उसळला. अर्धा वर्ग लूमवाल्यांच्या घरचा. हे तर आम्ही रोज करत होतो. माझे बाबा जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करून चालू करणारे. ते अकलोलीच्या बाजूचं गाव सोडून तरणेपणी कारखान्यात आले आणि त्या आवाजात त्यांचे कान गेले. आमची खोली कारखान्याला चिकटून, मध्ये एक भिंत. आई, मी आणि धाकटी बहीण घरात ओठांनीच बोलायचो. कारखान्यात मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले जुने लूम होते, त्यातल्या एकावर लँकेशायरमधल्याच कुठल्याशा गावाचं नाव ओतीव अक्षरांत होतं. लूम तिकडून आले, त्यांचा गोंगाट आला आणि गोंगाटापाठोपाठ ही बोलायची रीतही आली. तिला नाव आहे, तेही साहेबाच्या भाषेत, हे कळल्यावर मला बाकावर बसवेना. तास संपायच्या आत मला घरी पळायचं होतं.

संध्याकाळी बहिणीला पकडलं आणि क्रियापद चालवायला घेतलं. आधी इंग्रजीत. आय मीमॉ, शी मीमॉज, दे मीमॉड, वी आर मीमॉइंग. पण पाहुण्याला घरी आणलं की त्याला घरचं जेवण वाढायलाच हवं. म्हणून मग मराठीत. मी मीमॉते, तू मीमॉतेस, आई मीमॉते, आम्ही मीमॉतो. उद्या मीमॉईन. मीमॉ गं जरा. भूतकाळात आमचं भांडण जुंपलं. बहीण म्हणे, "तिने मीमॉलं." मी म्हटलं, "अगं, ती बोलली, तशी ती मीमॉली." बहीण तेव्हा अकरावीत, आणि अकरावीच्या मुलीला व्याकरणात हार मानायला लावणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. शेवटी आईने दोघींना गप्प केलं, तेही मीमॉऊनच. ती मीमॉली, हे बहिणीनेच मान्य केलं.

पुढचं वर्षभर आमच्या घरात हे क्रियापद नुसतं उधळलं. बाबांना मात्र आम्ही हा शब्द सांगितलाच नाही. त्यांना काय कळणार, असं वाटलं असावं.

मी बीएच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा खारबावचं स्थळ आलं. मुलगा ठाण्याला एका कंपनीत क्लार्क, घरी शेती. आई हरखून गेली. तिने मला आधीच बजावलं, "परीक्षेचा शब्द काढू नको. लोकं चांगली हायेत, हातची जातील." आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. एप्रिलमध्ये शेवटचे पेपर होते. ते दिल्याशिवाय मला कुठेही जायचं नव्हतं, खारबावला तर नाहीच नाही. पण पाहुण्यांसमोर मुलीने तोंड उघडायचं नाही, अशी रीत. पोहे द्यायचे, नाव विचारलं तर सांगायचं, खाली बघायचं.

मुलगा माझ्यासमोर खुर्चीवर. त्याच्या मागे, स्वयंपाकाच्या दाराशी माझी बहीण. त्याचे वडील सतरंजीवर मांडी ठोकून बसलेले, आणि बोलण्याचा सगळा मक्ता त्यांच्याकडे. बाबा आपले उंबऱ्याशी बसून आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होते. त्यांना ऐकू येत नाही म्हणून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. भिंतीपलीकडे लूम जोरात.

"पोर कामाची पायजे," मुलाचे वडील आईला सांगत होते. "कालेज-बिलेज आता पुरं. फाल्गुनात बार उडवून टाकू."

आई मान डोलावत होती. माझं डोकं सणकलं. मी मान वर केली आणि मुलाच्या डोक्यावरून बहिणीला मीमॉले, "यांना सांग, एप्रिलात परीक्षा हाय."

बहीण मीमॉली, "तूच सांग."

"आणि हा एक शब्द बोलत न्हाय. मुका हाय का?"

मुलाने हातातला चमचा बशीत ठेवला. सरळ माझ्याकडे बघितलं. आणि ओठ मोठेमोठे हलवून, एकेक अक्षर सुटं करून तो मीमॉला, "मुका न्हाय."

लाज वाटायला हवी होती, पण खोटं कशाला सांगू, मला भयंकर आनंद झाला. हा ठाण्याचा क्लार्क आमच्यातला निघाला. शाळेत असताना तो भिवंडीतच मामाकडे राहून कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचा, हे मला नंतर कळलं. पण ओठांवरून तेव्हाच दिसलं की हे शिकवणीत शिकलेलं नाही.

"पेपर कवा?" त्याने विचारलं.

"एप्रिल."

"पास व्हाल?"

"तुम्ही झालावता का?"

"दुसऱ्या खेपेला."

मला हसू आवरेना. पदर तोंडाला लावला तर ओठ दिसेनात, काढला तर हसू दिसे. सगळ्या वडीलधाऱ्यांच्या मध्ये बसून आम्ही दोघं बोलत होतो, आणि त्याचे वडील तिकडे मानपानाचं सांगत होते. बघायच्या कार्यक्रमात मुलामुलीला इतकं बोलायला कुणाला मिळालं असेल?

मग त्याने घात केला. मोठ्याने, खरोखरच्या आवाजात तो वडिलांना म्हणाला, "बाबा, एप्रिलात त्यांचे पेपर हायेत. लगीन त्याच्या मंग धरू."

त्याचे वडील बोलता बोलता थांबले. "पेपराचा कोन बोल्ला? मी कवापासून हितंच बसलोय. कोनी शब्द काडला न्हाय."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. माझं नाव घेतलं तर पोरगी आगाऊ, स्थळ गेलं. नाही घेतलं तर फाल्गुन ठरला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि या खेपेला त्याचे ओठ हलले नाहीत. आता ओठांनी भागणार नव्हतं, हे मला कळत होतं.

"मी बोलले," मी म्हणाले. लूमशेजारच्या माणसाला हळू बोलता येत नाही, एक तर ओठ नाही तर आरोळी. माझी आरोळीच निघाली. "पेपर दिल्याशिवाय मी लग्न करणार नाही."

आईने डोळे मिटून घेतले.

"ही कवा बोल्ली?" मुलाच्या वडिलांनी आईला विचारलं. मग ते उंबऱ्याकडे वळले आणि बाबांना ऐकू जावं म्हणून घसा ताणून ओरडले, "जॉबर, तुमची पोर कवा बोल्ली?"

बाबांनी त्यांच्या ओठांकडे नीट बघून घेतलं.

"मंगाधरनं बोलतेय," बाबा म्हणाले. "तुमचा पोरगा पन बोलतोय. मी सगलं ऐकलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तू पेपर दे."

लग्न मे महिन्यात झालं.