तपेल्याची घटना

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला! तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं. किन्हवलीच्या आसपासच्या पोरांकडून मतदान, ग्रामसभा, मूलभूत हक्क सगळं घोकून घेतलं. आणि म्हातारपणी आपटलो कशावर? एका शब्दावर. तोही तीन अक्षरी!

रिटायर झाल्यावर आराम असतो असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्याला माझ्याकडे पाठवा. गावात कोणाचं रेशनकार्ड हरवलं, चला गुरुजींकडे. दाखला हवा, चला गुरुजींकडे. "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं हाय," या एका वाक्यानं माझं म्हातारपण खाल्लंय. हल्ली मला नाही म्हणायचासुद्धा कंटाळा येतो.

तर आमच्या गावकीची भांडी आहेत. तपेली, पराती, डाव, झारे. गावात कोणाचंही लग्न असो, भांडी हीच. त्यात भाताचं एक तांब्याचं तपेलं आहे, एवढं मोठं की उचलायला दोन माणसं लागतात. आणि गावात आळ्याही दोनच, वरची आणि खालची. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही आळ्यांत एकाच दिवशी लग्न निघालं. झालं! तपेल्याचा एक कान धरला वरच्या आळीच्या काशिनाथभाऊनं, दुसरा खालच्या आळीच्या हिरावहिनीनं. ओढाओढीत एक कान तुटून काशिनाथभाऊच्या हातात आला आणि तपेलं हिरावहिनीला घेऊन उताराला लागलं.

त्या दिवसापासून भांडी देवळाच्या खोलीत आणि दाराला कुलपं दोन. एक वरच्या आळीचं, एक खालच्या आळीचं. मग बैठकीत ठरलं, की भांड्यांसाठी रीतसर मंडळ काढायचं, दोन्ही आळ्यांनी आपापली माणसं निवडून द्यायची, आणि नोंदणीचा कागद हातात आल्याशिवाय कुलूप उघडायचं नाही. हे शेवटचं कोणी सुचवलं? मीच की! शिकलेल्या माणसाला गप्प बसवतं कुठे?

आणि वर्ष उलटायच्या आत माझ्याच पोरीचं, प्राजक्ताचं लग्न ठरलं. मुरबाडचं स्थळ, मुलगा चांगला, मुहूर्त महिन्यावर.

मी बायकोला म्हटलं, "भांडी मुरबाडहूनच मागवू या."

"मागवा ना," ती म्हणाली. "गावातल्या एकूण एक पोरीच्या लग्नाचा भात त्या तपेल्यात शिजलाय. माझ्या पोरीचा नाय शिजला, तर मी मांडवात पाय ठेवणार नाय. सांगून ठेवते."

तीस वर्षांच्या संसारात ही बाई एकदाही बोललेलं विसरलेली नाही. म्हणून मी नोंदणीच्या मागे लागलो.

शहापूरला अशी कागदपत्रं करून देणाऱ्या एक मॅडम आहेत. त्यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, "अर्ज, सभासदांची यादी आणि घटना. तिच्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या."

"घटना?" मी विचारलं. "पूर्ण?"

"पूर्णच लागते, सर. काही गाळू नका. मुद्देसूद लिहा."

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुम्हाला कळू नये? अहो, मी आयुष्यभर शिकवलं ते संविधान! पुस्तकात तेच छापलेलं. देशाला संविधान असतं. तपेल्याची घटना म्हणजे काय असणार? घडलं ते!

बसलो लिहायला. सात पानं झाली. वर ठळक अक्षरात 'घटना', खाली दिवस, वेळ, स्थळ, हजर माणसं. आणि सह्या हव्यात म्हणून देवळात बैठक बोलावून सगळं वाचून दाखवलं. तिथेच माझी साडेसाती सुरू झाली.

"गुरुजी, ते 'हिसका मारला' काढा," काशिनाथभाऊ उठलाच. "मी हिसका नाय मारला. मी निसता धरला होता."

"निसता धरला होता, तं कान तुमच्या हातात उडत आला काय, भावजी?" हिरावहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आणि माझ्या नावापुढं 'गडगडत गेल्या' लिवलंय ते पयलं खोडा. घरंदाज बाई हाय मी."

"मग काय लिहू?"

"'उताराच्या दिशेनं गेल्या' असं लिवा."

लिहिलं बाबा. पुढे कागदावर कोणत्या आळीचे साक्षीदार किती, यावरून जुंपली. वरची आळी म्हणे, आमचे उंबरे जास्त, आमचे साक्षीदार जास्त. खालची आळी म्हणे, तपेलं आमच्या आज्यानं दिलंय, तेव्हा साक्षीदार बरोबरीनं. एक बैठक झाली, दोन झाल्या, चार झाल्या! मी घरी यायचो आणि चपला न काढताच ओट्यावर बसायचो. शेवटी तोडगा निघाला. माणसं उंबऱ्यांच्या हिशोबानं घ्यायची, पण कागदावरचा एक शब्दही दोन्ही आळ्यांनी हो म्हटल्याशिवाय बदलायचा नाही.

हे असलं सगळं मी पोरांना तीस वर्षं फळ्यावर लिहून दिलं होतं. समोर घडत होतं, तरी डोक्यात उजेड पडला नाही!

लग्नाला बारा दिवस उरले होते तेव्हा सह्यांचा कागद घेऊन शहापूर गाठलं. मॅडमनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग पदर तोंडाला लावला.

"सर, 'उताराच्या दिशेनं गेल्या' म्हणजे नक्की काय?"

"मॅडम, त्यावर दोन्ही आळ्यांचं एकमत आहे," मी अभिमानानं म्हणालो.

"अहो सर, मी घटना मागितली होती!"

"हीच ती घटना."

"घटना म्हणजे नियम हो! मंडळ कसं चालणार, माणसं किती, निवडायची कशी. ही तर फिर्याद झाली. ही पोलीस स्टेशनात द्या!" हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग डोळे पुसत त्यांनी विचारलं, "सर, तुम्ही आधी काय करत होता?"

"शेती," मी म्हणालो.

दुसरं काय सांगणार होतो? वर त्या म्हणाल्या, नवीन घटना आणा, पण नोंदणीचा कागद काही लग्नाच्या आत येत नाही.

परतीच्या वाटेवर सापगाव कधी मागे पडलं तेही कळलं नाही. आपल्याच नियमानं आपल्या पोरीचा भात अडवला, एवढंच डोक्यात. देवळात सगळ्यांना बोलावलं आणि मान खाली घालून खरं ते सांगितलं. हिरावहिनी ज्या हसत सुटल्या, त्या पार खांबाला टेकल्या.

"म्हंजे गुरुजी," काशिनाथभाऊ म्हणाला, "चार बैठका आमी कशापायी भांडलो?" आणि मग तोच म्हणाला, "पर ते साक्षीदार हायेत ना, तेच कारभारी करा की. माणसं किती ते ठरलंय, बदल कसा करायचा तेबी ठरलंय. नियम तं झालेच!"

खरंच झाले होते! तीस वर्षं मी शिकवलं ते त्याला अर्ध्या मिनिटात कळलं.

तेवढ्यात मागून माझी बायको उठली. "नियम झाले ते बरंच झालं. पण तुमचा कागद येईस्तोवर माझी पोर बिनलग्नाची ऱ्हायची काय?"

काशिनाथभाऊनं हिरावहिनीकडे पाहिलं. त्याची चावी करगोट्यातून निघाली, त्यांची पदराच्या गाठीतून. दोन्ही चाव्या माझ्या बायकोच्या हातात पडल्या.

"पर एक कलम घाला," हिरावहिनी म्हणाल्या. "आजपासून मंडळाचा कुठलाबी कागद गुरुजींनी लिवायचा नाय."

हात वर करा म्हणायची गरजच पडली नाही. दोन्ही आळ्या जन्मात पहिल्यांदा न भांडता एकमतानं उठल्या. माझ्या बायकोनं तर दोन्ही हात वर केले.

मी म्हटलं, सुटलो रे देवा! खिशातलं पेन काढलं आणि काशिनाथभाऊपुढे धरलं. त्यानं ते हिरावहिनींकडे दिलं. त्यांनी शेजारी सरकवलं. सगळ्या देवळात फिरून पेन परत माझ्या पुढ्यात आलं.

"तेवढं कलम तुमीच लिवा, गुरुजी," काशिनाथभाऊ म्हणाला. "तुमचं अक्षर चांगलं हाय."