धुणं चालतं, वाळवण चालत नाही

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. राजाजीनगरच्या पलीकडे एक तळं होतं. त्या तळ्याकाठी साडी धुवायला परवानगी होती, वाळवायला नव्हती. आठवलं की अजूनही माझं डोकं तापतं.

मी निपाणीकडचा, पोटासाठी या मोठ्या कानडी शहरात आलेला. चिकपेटेतल्या कापडदुकानांच्या पायऱ्या झिजवून मी काम मिळवलं होतं: त्यांच्या नव्या सुती साड्या धुऊन, खळ देऊन, घडी घालून परत पोचवायच्या. तळ्यावर धुणं करणारी अक्का आणि तिच्या जावा माझ्यासाठी साड्या धूत आणि बांधावर दोऱ्या ताणून वाळवत. गौरीच्या आदल्या दिवशी दुकानाच्या शेठनं बजावलं, "संध्याकाळपर्यंत माल हवा. नाहीतर पुढचं काम दुसऱ्याला."

नेमके त्याच सकाळी तळ्यावर देखरेखीला नवे साहेब आले आणि त्यांनी दोऱ्या सोडायला लावल्या. तळं सरकारी, काठही सरकारी. ज्या कामाला पाणी लागतं तेच काठावर करायचं. मासे धरा, होडी चालवा, कपडे धुवा. लोकांनी फेरफटका मारावा. बाकी सगळं अतिक्रमण.

"साहेब, वाळवल्याशिवाय धुणं पुरं कसं होणार?"

"धुण्याला पाणी लागतं. वाळवण्याला लागतं का?"

"पिळणं धुण्यात येतं?"

"येतं."

"झटकणं?"

साहेबांनी जरा विचार केला. "येतं."

"झटकून स्वल्प वेळ दोरीवर टाकणं?"

"अण्णा, तुम्हाला घरी गच्ची नाही का?"

गच्ची घरमालकाची होती, आणि घरमालकाशी माझं आधीच वाजलं होतं. पण ते साहेबांना सांगायची गरज नव्हती. मी भडकलो. ज्या शहरात अख्खं तळं बुजवून वर बसस्टँड उभं राहिलं, तिथे माझ्या साड्यांचा तेवढा भार झाला होता!

"बसला पाणी लागतं का हो?" मी ओरडलो.

"रेडिएटरला लागतं," साहेब शांतपणे म्हणाले.

"अण्णा," अक्का खालून म्हणाली, "तुमच्या तोंडची वाफ साडीवर सोडा. लवकर वाळेल."

जावा खिदळल्या. मी मात्र त्या बांधाकडे बघत होतो. दोन पेन्शनर हात मागे बांधून फिरत होते. साहेबांनी त्यांना हटकलं नव्हतं.

"अक्का, धर ते टोक," मी म्हणालो.

एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या. मधे साडी ताणली आणि आम्ही चालू लागलो. मागून जावांची जोडी, तिच्यामागे आणखी एक. जमिनीत खुंट नाही, झाडाला दोरी नाही. बांधावरून रंगीत वरात निघाली. पेन्शनर बाजूला झाले, एकानं तर नमस्कारही केला.

साहेब धावत आले. "हे काय चाललंय?"

"फेरफटका."

"साडी घेऊन?"

"लोक कुत्रं घेऊन फिरतात. ते चालतं."

साहेबांनी वाकून साडीखाली खुंट शोधला. मग म्हणाले, "सरी, ठीक आहे. फिरा. पण थांबलात तर ते वाळवण झालं."

आम्ही थांबतो का हे बघायला त्यांनाही बरोबर चालावं लागलं. पावलं मोजावीत तसे शेजारून चालत होते, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. तळ्याच्या वळणावर वारा घुसला आणि धाकट्या जावेच्या हातून टोक सुटलं. ते चिखलात जाणार तोच साहेबांनी झेप घेऊन पकडलं. कुणीही पकडलं असतं, नवी कोरी साडी ती.

आता पंचाईत साहेबांची होती. सोडावी तर साडी सरकारी जमिनीवर पसरणार, आणि ते अतिक्रमण. धाकटी जाऊ तर केव्हाच पाणी प्यायला गेली होती. साहेब चालू लागले.

"वर धरा साहेब," अक्का म्हणाली, "काठ लोळतोय."

त्यांनी वर धरला. खरं सांगायचं तर त्यांची उंची कामाला आली.

त्यांच्या हातातली कडक वाळली, तशी अक्कानं घडी घालून दुसरी दिली. ती त्यांनी मुकाट्यानं घेतली. ऊन उतरू लागलं. आता त्यांच्या साडीचं दुसरं टोक माझ्याकडे होतं; त्यांनी मला विचारलं, "अजून किती आहेत?"

तीनच उरल्या होत्या.

"सहा," मी म्हणालो.

"छे! तीन. त्यावर एकही नाही."

मी खूप घासाघीस केली, गौरीची शपथ घातली, हात टेकले, आणि शेवटी अगदी नाइलाजानं तीनवर कबूल झालो.